स्थानिक इतिहासाची क्षेत्रभेट: घरशाळेतल्या कुटुंबांनी ती कशी आखावी

डिसेंबर उजाडला की घरशाळा करणाऱ्या, म्हणजे मुलांना घरीच शिकवणाऱ्या, ओळखीच्या आईबाबांचे फोन सुरू होतात. "मुलांना शनिवारवाडा दाखवायचाय. सोबत लाल महाल, केळकर संग्रहालय, पाताळेश्वर, आणि जमलंच तर सिंहगड. एका रविवारात होईल ना?" होतं की! फक्त संध्याकाळी मुलांना भेळ आणि फुगेवाला एवढंच आठवतं.

भेट फसते ती बहुधा आधीच्या दोन आठवड्यांत, म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे. उदाहरण एकच घेतलंय, पुण्यातलं: कात्रजचं पाणी शनिवारवाड्यात कसं यायचं? तुमचं गाव दुसरं असलं तरी पायऱ्यांचा क्रम तोच ठेवा. क्रम उलटला की काय होतं, तेही जागोजाग सांगितलंय.

१. आधी प्रश्न, मग ठिकाण

"शनिवारवाडा बघायचा" हा बेत झाला. प्रश्न असा हवा, की ज्याचं निदान अर्धं उत्तर जागेवर उभं राहून डोळ्यांनी मिळेल. "पेशवाई कशी होती?" याचं उत्तर कुठल्याच भिंतीवर सापडत नाही. "वाड्यात कारंजं होतं, मग मोटर नसताना पाणी वर कसं उडायचं?" याचं सापडतं. हा प्रश्न माझ्या मुलीचा, वय तेव्हा आठ. आमच्या इमारतीची मोटर जळाली होती आणि आम्ही तीन दिवस बादल्या वाहत होतो, त्यातून तो आला.

गावाकडे राहत असाल तर प्रश्न आणखी सोपे मिळतात. मारुतीच्या देवळामागे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड) पडलेले असतात. त्यांत कप्पे किती, आणि तळाच्या कप्प्यात लढाई आहे की गुरं पळवणं? सगळ्यात वर चंद्र-सूर्य का? किंवा १९७२च्या दुष्काळात गावातल्या कुठल्या विहिरीला पाणी होतं? एका भेटीला एकच प्रश्न. दुसरा सुचला तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या महिन्यात कामी येतो.

तपासा: प्रश्न मुलाच्या तोंडून त्याच्या शब्दांत येतोय का? तुम्हालाच समजावून सांगावा लागत असेल तर तो तुमचा प्रश्न आहे.

२. घरातली तयारी

*कागद.* पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, १८८५ साली निघालं, खंड १८, तीन भागांत. पुणे शहराची माहिती तिसऱ्या भागात आहे. राज्य सरकारच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटियर्स इंटरनेटवर ठेवली आहेत, जवळपास प्रत्येक जुन्या जिल्ह्याची. भाषा इंग्रजी आणि नजर साहेबाची, तेव्हा मुलांच्या हातात थेट देऊ नका. तुमच्या प्रश्नापुरता एक परिच्छेद काढा आणि रात्री जेवताना मराठीत सांगा.

आमच्या प्रश्नासाठी मी मुलांना आधी एवढंच सांगितलं: नानासाहेब पेशव्यांच्या काळात, साधारण १७५०च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणलं. वाटेत उंच दगडी उच्छ्वास (नळातली हवा बाहेर सोडणारे मनोरे) बांधले. शहरात ठिकठिकाणी हौद होते. बाकी काही सांगितलं नाही, कारण सगळं घरीच सांगून टाकलं तर मुलं तिथे फक्त "हो, बाबा म्हणाले होते" म्हणायला येतात.

*नकाशा.* शहराचा साधा नकाशा छापून घ्या आणि त्यात 'हौद', 'आड', 'बाव', 'तळं', 'वेस' असे शब्द असलेली ठिकाणं मुलांना रंगवायला लावा. फडके हौद, बदामी हौद, सदाशिव पेठ हौद... पत्त्यांमधूनच पाण्याची वाट दिसायला लागते. हे काम मुलं तासभर मान खाली घालून करतात.

*बादली आणि नळी.* ही पायरी बरेच जण गाळतात, आणि मग जागेवर गुरुत्वाकर्षणावर व्याख्यान देत बसतात. बागेला पाणी घालायची पारदर्शक नळी घ्या. बादली स्टुलावर ठेवा, नळीचं एक टोक तिच्यात बुडवा, दुसरं खाली मोरीत. पाणी ओढून सुरू केलं की खालच्या टोकाला बॉलपेनची रिकामी कांडी बसवा. कारंजं उडतं. आता नळीचा मधला भाग बादलीपेक्षा थोडा खाली, पण कमानीसारखा उचलून धरा आणि त्यात हवेचा बुडबुडा अडकू द्या. धार बारीक होते, कधी थांबते. मग त्या कमानीच्या माथ्यावर टाचणीने भोक पाडा. हवा फुस्सकन निघते आणि धार परत येते. आमच्याकडे त्या क्षणी मोरीत उभा असलेला सहा वर्षांचा भाचा ओरडला, "नळीने श्वास सोडला!" उच्छ्वास हा शब्द त्याला पुन्हा शिकवावा लागला नाही.

*सन.* जुन्या देवळांच्या पायरीवर किंवा वाड्याच्या चौकटीवर बहुधा शक असतो, इसवी सन नव्हे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण ही बेरीज जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना चुकते. शक चैत्रात बदलतो, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. मुलांना शिवजन्माची तिथी देऊन बघा: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवून १६२९ येतं, आणि कॅलेंडरवर तर १९ फेब्रुवारी १६३० आहे. फाल्गुन म्हणजे वर्षाचा शेवट, म्हणून ७९. ही चूक घरी एकदा करू द्या, बाहेर होत नाही. दस्तांत शुहूर सन (जुन्या मराठी कागदपत्रांतली एक कालगणना) आला तर ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, पण ते बारा वर्षांखालच्यांना नको.

थांबा: तयारीला दोन आठवडे लागतात. "परवा सुट्टी आहे, जाऊन येऊ" असं असेल तर खुशाल सहलीला जा, क्षेत्रभेट पुढे ढकला.

३. मुलांशिवाय एक चक्कर

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी. ज्या वाराला आणि ज्या वेळेला जायचंय, त्याच वाराला, त्याच वेळेला एका मोठ्या माणसाने एकट्याने जाऊन यायचं.

मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. जुन्या नकाशात बघून सात मुलं घेऊन एका पेठेत हौद शोधत गेलो. नकाशात होता तिथे दुचाकींची रांग होती. अर्धा तास गल्लीबोळ फिरून एका किराणा दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "हौद? नाव आहे, पत्ता आहे. हौदाचं काही बोलू नका." मुलं हसली, पण लहान दोघं तोवर रडायला आली होती.

चक्करीत काय बघायचं:

- ती गोष्ट आजही दिसते का? कुंपणाबाहेरून की आत जाता येतं?
- सावली कुठे आहे, बसायला ओटा आहे का, स्वच्छतागृह उघडं असतं की कुलूपबंद?
- बस किंवा मेट्रोने उतरल्यावर रस्ता कुठे ओलांडावा लागतो? पेठांत गाडी नेऊ नका. कसबा पेठ किंवा मंडई मेट्रोला उतरून चालणं सोयीचं.
- तिथे नेहमी बसणारं कोण आहे? पुजारी, पानवाला, चांभार, रखवालदार. त्यांच्याशी दोन मिनिटं बोला आणि "पुढच्या मंगळवारी मुलं घेऊन येतोय" असं सांगून ठेवा.
- लेणी किंवा किल्ला असेल तर आग्या मोहोळ कुठे आहे? असेल तर अत्तर, धूर, आरडाओरडा यांवर पूर्ण बंदी. पोळी मोठी आणि खाली असतील तर जागाच बदला.

आणि एक खास कात्रजसाठी. तलाव प्राणिसंग्रहालयाला लागून आहे. "कात्रज" म्हटल्याबरोबर मुलांच्या डोक्यात वाघ येतो, पाणी येत नाही. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, तर तलावाची भेट मुद्दाम बुधवारी ठेवा. मात्र तलावाकडे त्या दिवशी कुठून जाता येतं ते चक्करीत नक्की करून घ्या.

४. वार, तिकीट, नियम

बंद वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, घारापुरी सोमवारी. संभाजीनगरला मुक्काम करून दोन्ही लेणी बघणाऱ्यांचा एक दिवस यातच जातो. घरशाळेचा फायदा असा की शनिवार-रविवार आपल्याला मोकळे सोडता येतात. मंगळवारी सकाळी नऊला शनिवारवाड्यात जितकी शांतता मिळते तितकी रविवारी मिळत नाही.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकीट असलेल्या स्मारकांत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, मोठ्यांचं ऑनलाइन काढलं की थोडं स्वस्त पडतं. मुलाच्या वयाचा पुरावा जवळ ठेवा. शाळेचं ओळखपत्र आपल्याकडे नसतं, आधारकार्डाची प्रत पुरते. साधा मोबाइल कॅमेरा चालतो. तिपाई लावायची तर परवानगी लागते. ड्रोन घरी.

खिडकीवर "कुठली शाळा?" हा प्रश्न हमखास येतो. "आम्ही घरीच शिकवतो, चार कुटुंबं आहोत" एवढं पुरतं. तिथे शिक्षणहक्क कायद्यावर वाद घालत बसू नका, मागे रांग असते.

थांबा: संरक्षित स्मारकाचं विद्रूपीकरण हा १९५८च्या प्राचीन स्मारके कायद्याखाली गुन्हा आहे. २०१०च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परदेशी व्हिडिओ बघून बरेच पालक कागद आणि मेणखडू घेऊन शिलालेखावर घासायला जातात. तसं करू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल, पाणी यातलं काही लावायचं नाही. गावातल्या असंरक्षित वीरगळालाही नाही. त्याऐवजी सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात अक्षरांच्या कडांना सावली पडते. ऊन नसेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा आणि फोटो काढा. घासायची हौस घरी नाण्यांवर भागवा.

५. किती जण, कोणाकडे काय

आठ मुलं आणि चार मोठे. याहून जास्त झाले की ती वरात होते. सहा ते नऊ वर्षांची आणि दहा ते चौदाची अशा दोन टोळ्या करा, प्रत्येकीकडे वेगळं काम. लहानांनी मोजायचं आणि चित्रं काढायची, मोठ्यांनी नकाशा, फोटो आणि विचारपूस.

सामान थोडं: पुठ्ठ्याची पाठ असलेली वही, दोन पेन्सिली (पेन नको, उन्हात घामेजल्या हाताने शाई पसरते), दहा मीटरची सुतळी, तिला दर मीटरला गाठ. पंधरा सेंटिमीटरची पट्टी फोटोत शेजारी धरायला, म्हणजे घरी आल्यावर "हा दगड केवढा होता?" असा घोळ होत नाही. पाणी, टोपी, धपाटे.

वहीत आधीच चार रकाने आखून न्या:

दिसलं | वाटलं | कुणी सांगितलं | कागदात सापडलं

हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. शनिवारवाड्यात पाऊल ठेवलं की कोणीतरी "काका, मला वाचवा" सुरू करतं. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी वाड्यात झाला, हे चौथ्या रकान्यात जातं. अमावास्येला किंकाळी ऐकू येते, हे तिसऱ्यात. "ध चा मा" ही गोष्ट कुठे लिहायची, यावर आमच्याकडे एक बारा वर्षांचा आणि एक दहा वर्षांची असे वीस मिनिटं भांडले. शेवटी तिसऱ्या रकान्यात लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी मध्ये पडायचं टाळलं.

(सात वर्षांखालची मुलं असतील तर गाइडला आधीच बाजूला घेऊन सांगा. एकदा एका लहानग्याने पुढचे आठ दिवस रात्री दिवा विझवू दिला नव्हता.)

६. प्रत्यक्ष भेट

पूर्ण नळमार्ग एका दिवसात चालायचा नाही. दोन अर्ध्या दिवसांत वाटून घ्या: पहिल्यांदा कात्रज, आठवड्याने पेठा आणि वाडा. पाणी ज्या दिशेने वाहतं त्याच दिशेने जायचं. आधी वाडा दाखवला तर कात्रज नुसतं तळं उरतं.

*पहिली दहा मिनिटं गप्प.* पोचल्यावर कोणी काही सांगायचं नाही, पाटीही वाचायची नाही. मुलांनी फक्त बघायचं आणि पहिल्या रकान्यात पाच गोष्टी लिहायच्या. पाटी आधी वाचली की मुलं पाटीत लिहिलेलंच बघतात. मोठ्यांना हे फार जड जातं, विशेषतः इतिहासाची आवड असलेल्या बाबांना. त्यांना चहाला पाठवा.

*मग मोजणी.* कात्रजला बांधाची लांबी पावलांनी, आणि पाण्याची पातळी काठापासून किती खाली. रस्त्याकडेला एखादा उच्छ्वास शाबूत सापडला तर त्याच्या शेजारी मूल उभं करून फोटो काढा, म्हणजे मुलाच्या उंचीवरून उच्छ्वासाची उंची काढता येते. वाहतुकीच्या रस्त्यावर हे काम मोठ्यांनी दोन्ही बाजूंना उभं राहूनच.

*वाडा.* आत गेल्यावर "इथे काहीच नाही!" हे ऐकायची तयारी ठेवा. १८२८च्या आगीत लाकडी इमारती जळाल्या. तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांच्या जागा एवढंच उरलंय. पाण्याचा प्रश्न घेऊन आलेल्या मुलांना मात्र यातच भरपूर मिळतं. हजारी कारंज्यापाशी लहानांनी पाकळ्या मोजायच्या, मोठ्यांनी पाणी कुठून आत आलं असेल याचा अंदाज वहीत बाणांनी काढायचा. अंदाज चुकीचा असला तरी खोडू देऊ नका, दुसऱ्या रकान्यात राहू द्या.

परतताना दिल्ली दरवाज्याचे खिळे. जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतात, ते शेजारी उभ्या बाबांच्या उंचीने मोजा आणि विचारा, "हे कोणासाठी?" माणसासाठी म्हणणाऱ्याला हत्तीचं कपाळ किती उंचीवर असतं ते घरी शोधायला सांगा.

*शेवटी पाटी.* आता वाचा. पाटीवर आहे पण आपल्याला दिसलं नाही असं काय? आपल्याला दिसलं पण पाटीवर नाही असं काय?

तपासा: दोन तासांनी थांबा, मुलं रमलेली असली तरी.

७. आजीआजोबांना विचारणं

हा भाग त्याच आठवड्यात, पण त्याच दिवशी नको. पेठेत वाढलेल्या पंच्याहत्तरीपुढच्या कोणाशीही बोला. "तुमच्या वेळी कसं होतं?" असं विचारलं की "फार छान होतं" असं उत्तर येतं आणि संपतं. वस्तूवरून सुरुवात करा: "घरात पाणी कशात भरायचात? हौदावर कोण जायचं, किती वाजता? कोणाला भरू द्यायचे नाहीत?" शेवटचा प्रश्न मोठ्या मुलांनी जरूर विचारावा आणि उत्तर नीट उतरवावं. पाण्याच्या इतिहासात जातीचा इतिहास असतो, तो झाकून मुलांना पाणी समजणार नाही.

सन आठवत नसतील तर खुंट्या द्या: पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, दुष्काळ १९७२. "पानशेतच्या आधी की नंतर?" असं विचारलं की पुण्यातली म्हातारी माणसं अचूक सांगतात. रेकॉर्डिंगआधी परवानगी, आणि वीस मिनिटांनंतर फोन बंद. खरं बोलणं त्यानंतर चहाबरोबर येतं, ते आठवणीने लिहून काढा.

८. घरी आल्यावर

दोन दिवसांच्या आत बसा, नंतर मुलं विसरतात आणि आईबाबाच फाइल पूर्ण करायला लागतात. फोटोंपैकी दहाच ठेवा, प्रत्येकाखाली जागा, तारीख आणि कोणत्या दिशेला तोंड करून काढला ते.

निबंध लिहून घेऊ नका. चार रकान्यांतल्या नोंदी एका मोठ्या कागदावर चिकटवा आणि तिसऱ्या रकान्यातलं काय चौथ्यात नेता येतं ते बघा. त्यासाठी पुन्हा गॅझेटियर, गरज पडली तर पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ, जिथे जुनी कागदपत्रं आहेत. मंडळात मुलांची टोळी नेऊ नका. मोठ्या मुलाला एक प्रश्न नीट लिहून द्या आणि सोबत एकाने जा. उत्तर नाही मिळालं तर "नाही मिळालं, अमुक तारखेला विचारलं" अशी नोंद करा.

आमच्या कागदावर तिसऱ्या रकान्यात अजून तीन चिठ्ठ्या तशाच आहेत. एक किराणा दुकानदाराची: हौद त्याच्या दुकानाच्या खालीच आहे, असं तो दुसऱ्या भेटीत म्हणाला.